अंग गरम, पाय सुके

"अंग गरम, पाय सुके. बाकीचं तुझं तू बघ."

हे म्हणताना त्याचा उलटा हात समोरच्याच्या मानेवर असायचा. विचारणं वगैरे काही नाही. आई तापलेल्या मुलाचं अंग बघते तसा तो हाताचा मागचा भाग मानेला लावायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "थंड हा. अजून वायच थांब." किंवा, "झाला. आता धाव." लांब पल्ल्याची शर्यत सुरू व्हायच्या आधी आम्ही सात-आठ जण त्याच्यापुढे मान वाकवून उभे असायचो. आमच्यात एक डॉक्टर होते. तेसुद्धा मान वाकवायचे.

तोंडावर मी त्याला काका म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथं मात्र 'तो'च लिहिणार आहे. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरल्याचं दाखवण्याइतकी मी साळसूद नाही. त्याचं नावही सांगणार नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

मुंबईत कसली आलीय थंडी, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. माझी पुण्याची आत्या तर आमच्या थंडीचं नाव काढलं की हसते. पण जानेवारीत पहाटे चारला पातळ, बिनबाह्यांचा बनियन घालून आझाद मैदानाच्या दवानं भिजलेल्या गवतावर उभं राहून बघा. शर्यत पाचला, पण तुम्हाला चारच्या आधी आत घेतात आणि मग रेलिंग लावलेल्या कप्प्यांत उभं करतात. वेगानं धावणारे पुढच्या कप्प्यात, आमच्यासारखे मागच्या. तो या कप्प्यांना कोंडवाडा म्हणायचा. तिथं बसायला जागा नसते, खाली कुणीतरी पाणी सांडलेलं असतं, समुद्राकडून वारं येतं आणि पाऊण-एक तासात पायाची बोटं आपली राहत नाहीत. अशा पायांनी बेचाळीस किलोमीटर धावायला निघालं की पहिल्या पाचातच पोटऱ्या बोंबलायला लागतात. माणूस शर्यत रस्त्यावर हरत नाही, कोंडवाड्यात हरतो, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याला हे कळायचं कारण त्याची नोकरी. तो महापालिकेत चावीवाला होता. लालबाग-परळच्या गल्ल्यांमध्ये पहाटे पाणी सोडायचं, दुपारी बंद करायचं. रस्त्यातलं झाकण उघडून पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आत घालायची आणि फिरवायची. चाळीतल्या बायका त्याच्या पावलांवर उठायच्या. चौतीस वर्षं त्यानं हे केलं, आणि चौतीस वर्षं त्याचे पाय ओले होते. बोटांच्या बेचक्या कायम पांढऱ्या पडलेल्या. निवृत्त झाला तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर बारा जोड मोजे आणले. पहाटे तीनला जाग यायची ती येतच राहिली, आणि पाणी सोडायला तर जायचं नव्हतं. मग धावायला लागला.

मला तो भेटला शिवाजी पार्कात. मी तेव्हा चाळीस पार केलेली, विमा कंपनीतल्या खुर्चीवर बसून बसून रुंद झालेली बाई. प्रभादेवीहून चालत यायचे, दोन फेऱ्या मारायचे आणि कट्ट्यावर बसून वडापाव मिळायची वाट बघायचे. एके दिवशी मी बूट काढून टाचेचा फोड बघत होते. हा समोर येऊन उभा. बारीक, काळा, मिशी पांढरी, गुडघ्यापर्यंतची खाकी अर्धी चड्डी. माझ्याकडे नाही, माझ्या मोज्याकडे बघत होता.

"सुती मोजे?" तो म्हणाला. "सुती मोजे पाणी पितात गो बाय. तुझा पाय दिवसभर दारवेत ठेवल्यासारखा."

"दारवेत?"

"दारू पिलेल्यासारखा. फुगतलो नायतर काय होतलो?"

मी चिडले. अनोळखी माणसानं माझ्या पायाला दारुडा म्हणावं म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी मात्र गपचूप मोजे बदलले.

त्याच्या युक्त्या ऐकाल तर हसाल. कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या आणायचा, कात्रीनं डोक्यापुरतं आणि हातांपुरतं कापायचा आणि आम्हाला एकेक द्यायचा. प्रत्येकाच्या खांद्याचं माप त्याला पाठ. बनियनच्या आत, पोटाला आणि छातीला लागून वर्तमानपत्राची घडी. तीही मराठीच. "इंग्रजी पेपर गुळगुळीत असता. त्याका ऊब नाय." रंगीत पुरवणी तर त्याला बिलकूल चालायची नाही. बुटांवर एक लिटर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, धुऊन वाळवलेल्या, वरून रबर लावून. त्यामुळे दव लागत नाही, सांडलेलं पाणी लागत नाही. आमच्या गटाच्या आसपास हलका नासक्या दुधाचा वास यायचा आणि शेजारचे चकचकीत जाकीटवाले सरकून उभे राहायचे. "बरां झाला," तो म्हणायचा, "जागा मिळाली."

त्यानंतर पाठीला पाठ. दोघादोघांनी एकमेकांच्या पाठीला पाठ टेकवून उभं राहायचं आणि हलायचं नाही. हलायचं नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा कायदा. लोक उड्या मारतात, हात चोळतात, इकडेतिकडे फिरतात, त्यात असलेली ऊब घालवतात. "जागा सोडली की अंग पडला," म्हणायचा. शर्यत सुटायला दोन मिनिटं राहिली की त्याच्या हुकमावर पिशव्या उतरायच्या. त्या सगळ्या तो स्वतः गोळा करायचा, घडी करायचा आणि डब्यात टाकायचा. आजूबाजूला शेकडो लोक प्लॅस्टिक रस्त्यावर फेकून पळत असायचे आणि हा पिशव्यांच्या घड्या घालत बसायचा. आम्ही ओरडायचो, काका चला! "गटारात जातला ता. साफ कोण करता, माका माहीत हा."

आता माझी गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा पूर्ण शर्यतीत उतरले. या शर्यतीत एक बस असते. जे ठरावीक वेळेच्या मागे पडतात त्यांना ती वाटेत उचलते. मला तिनं परतीच्या पेडर रोडच्या चढावर उचललं. मी पहिले दहा किलोमीटर वेड्यासारखी पळाले होते, मग संपले. त्या बसमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे खिडकीबाहेर बघतात, आणि बाहेरचे लोक आत बघून टाळ्या वाजवतात. घरी आले तर नवरा दारातच म्हणाला, "चला, तिकीट तरी नाही काढावं लागलं." तो गमतीनं म्हणाला. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो तेच गमतीनं सांगत राहिला. "आमची बसनं आली." सासरचे सगळे खो खो हसायचे. मीही हसायचे. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडायचे.

मला ती शर्यत आपल्या पायांनी पुरी करायची होती. या वयात मला दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं आठवत नाही.

हे मी फक्त त्याला सांगितलं. तो कट्ट्यावर बसून मोजे वाळत घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तुका दम हा," तो म्हणाला. "धीर नाय. पाणी सोडताना चावी एकदम फिरवली तर काय होता?"

"काय?"

"पाइप फुटता. तू पाइप फोडतंस. पुढच्या वर्षी मी तुझ्या बाजूला. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत. तू घड्याळ बघू नको, माका बघ."

"तुमची वेळ वाया जाईल, काका."

"माझो वेळ काय करूचो हा?"

हे शब्द मला अजून त्याच्या आवाजात ऐकू येतात.

वर्षभर आम्ही धावलो. शिवाजी पार्क ते वरळी सी-फेस, तिथून परत. रविवारी मरीन लाइन्सपर्यंत. मी पुढे सुटले की मागून आवाज, "पाइप!" की मी हळू. पावसाळ्यात त्याच्या लालबागच्या खोलीत माझे बूट वाळायला असायचे, कारण बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कसे भरायचे ते फक्त त्यालाच जमायचं म्हणे. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. खोलीत तो, दोरीवर मोजे आणि कोपऱ्यात ती लोखंडी चावी. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं नारळ दिला आणि त्यानं चावी मागून घेतली होती. जुनी होती, दिली.

दरवर्षी त्याचा शर्यतीचा फॉर्म मी ऑफिसातल्या संगणकावर भरायचे. आधीच्या एखाद्या शर्यतीची वेळ त्यात टाकावी लागते, त्यावरून कुठला कोंडवाडा ते ठरतं. त्या ऑगस्टमध्ये मी विचारलं तर म्हणाला, "जावयान भरलो." मी म्हटलं, बरं झालं, तेवढंच माझं काम वाचलं.

शर्यतीच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडला. जानेवारीत! पहाटे मैदानात चिखल, वरून भुरभुर. सगळ्या मुंबईचे धावणारे कुडकुडत, शिव्या देत उभे होते आणि आम्ही दोघं मात्र राजासारखे कोरडे. हो, आम्ही दोघंच होतो. बाकी सगळ्यांनी त्या वर्षी अर्धी शर्यत घेतली होती आणि ती दुसरीकडून सुटते. बोरीबंदरासमोरच्या रस्त्यावर, सगळ्यात मागच्या कोंडवाड्यात, रेलिंगला लागून त्यानं माझ्यासाठी जागा धरली. माझ्या बुटांवरचे रबर तपासले. स्वतःच्या अंगावरची काळी पिशवी काढली आणि माझ्या पिशवीवरून मला घातली.

"अहो काका, तुम्हाला?"

"माझा अंग मुळात गरम." मग उलटा हात माझ्या मानेवर. डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ मिटले, असं मला नंतर वाटलं. "थंड हा अजून. हलू नको. मी जाऊन येतंय."

मला वाटलं, संडासला चालला. मी मान डोलावली. गर्दीत शिरताना तो वाकला आणि बुटांवरच्या दुधाच्या पिशव्या काढून खिशात घातल्या. मी बघितलं. माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. तुम्हीच सांगा, जो माणूस मोजा भिजू नये म्हणून जीव टाकतो, तो त्या तसल्या ओल्या संडासात जाताना पायातल्या पिशव्या काढून जाईल का? तिथंच तर त्या लागतात! पण मी नाही विचार केला. मी हलायचं नाही म्हणून उभी राहिले.

पाच वाजले. भोंगा झाला. पुढचे कप्पे सुटले, मग मधले, मग आमचा. माणसं दोन्ही बाजूंनी वाहायला लागली. "मॅडम, चला ना," एकजण म्हणाला. मी म्हटलं, "येतायत एक जण." कोंडवाडा रिकामा व्हायला लागला. चौसष्ट वर्षांचा माणूस. पिशवी मला देऊन पावसात गेलेला. पडला असेल. छातीत कळ आली असेल. मी संडासांच्या रांगेकडे पळाले, एकेक दार वाजवलं. "काका! काका, आहात का?" आतून लोक खेकसले. मग वैद्यकीय मदतीच्या तंबूत गेले. तिथं रिकाम्या खाटा. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर चहा पीत होता, त्याला मी दार उघडून आत दाखवायला लावलं. आत कुणी नव्हतं.

मी परत आले तेव्हा सुरुवातीची रेघ बंद केली होती. एक तरुण मुलगी तिथली पट्टी गुंडाळत होती. "मॅम, टाइम ओव्हर झाला," ती म्हणाली, आणि माझ्या पायांकडे बघून तिला हसू आलं ते तिनं दाबलं.

मी घरी गेले नाही. कशी जाणार? त्याचा फोन बंद होता. शर्यत संपते तिथं, तंबूच्या बाजूला मी साडेतीन तास उभी राहिले आणि स्ट्रेचर आलं की धावत जाऊन तोंड बघायचे. एका पोरसवदा माणसाला तर मी चादर बाजूला करून बघितलं, त्याला फक्त गोळे आले होते.

पावणेनऊच्या सुमारास तो आला. स्ट्रेचरवरून नाही. धावत आला, दोन्ही हात वर करून, छातीवर नंबर, तोंडभर हसू. त्याला इतकं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. आधी मला काय वाटलं सांगू? खोटं नाही सांगत. आधी वाटलं, जिवंत आहे! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी देवाचं नाव घेतलं. आणि मग मी वरच्या मोठ्या घड्याळाकडे बघितलं. विमा कंपनीत काम करते मी, आकडे मला लगेच कळतात. या वेळेत यायचं तर अगदी पुढच्या कोंडवाड्यातून, भोंग्याबरोबर सुटायला हवं. त्याच्या नंबरावर त्या पुढच्या कोंडवाड्याचं अक्षर होतं. काळ्या पिशवीच्या आत तो ते घेऊन माझ्या शेजारी उभा होता, आणि पिशवी काढली तेव्हाही मी त्याच्या छातीकडे बघितलं नव्हतं.

त्यानं मला बघितलं. दोन दोन काळ्या पिशव्या घातलेली, बुटांवर दुधाच्या पिशव्या, तशीच्या तशी. त्याचं हसू गेलं. त्यानं माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, सवयीनं खाली बघितलं.

"पाय सुके हत ना?" तो म्हणाला.

मी तिथंच एकेक पिशवी काढली, घडी केली, डब्यात टाकली आणि टॅक्सी करून घरी आले. नवरा दारात होता. माझं तोंड बघून तो पहिल्यांदाच काही गमतीचं बोलला नाही. ते तर अजूनच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या पेपरात आतल्या पानावर त्याचा फोटो. साठीच्या वरच्या गटात तिसरा. गिरणगावातला चावीवाला, असं ठळक अक्षरात, आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरात त्याचं संपूर्ण नाव. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. चौतीस वर्षं लोकांनी त्याच्या हातचं पाणी प्यायलं आणि नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आता छापून आलं. कशासाठी गेला ते मला फोटो बघताक्षणी कळलं, आणि कळल्यामुळे राग तिळमात्र कमी झाला नाही. ते नाव मी इथं लिहिणार नाही. सूड घ्यायला माझ्या हातात एवढंच आहे, तो मी घेते.

पुढच्या रविवारी तो कट्ट्यावर आला. रुमालात पदक गुंडाळून आणलं होतं. "ह्या तुझा," म्हणाला आणि पुढे केलं.

"माझं कसलं? मी कुठे धावले?"

"माका वाटला, तू जाशील लोकांबरोबर. वर्षभर तयार केलेला तुका."

"मला हलू नको म्हणालात तुम्ही!"

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, "इतक्या ऐकशील असा वाटला नाय."

"फॉर्म ऑगस्टमध्ये भरलात. म्हणजे ऑगस्टपासून ठरलेलं. पाच महिने रोज पहाटे माझ्याबरोबर पळत होतात, पाइप पाइप करत होतात, आणि मनात हे? सांगायचं होतं मला, काका! मी काय अडवणार होते? जा म्हटलं असतं, नंबर काढून या म्हटलं असतं."

"तू जा म्हटला असतास," तो हळू म्हणाला. "म्हणानच नाय सांगितलंय. तू जा म्हटला असतास तर माझ्यानं जाववला नसता."

मला त्याचाच जास्त राग आला. काहीतरी त्याला लागेल असं बोलायचं होतं. मग जे खरं होतं तेच बोलले.

"मी तुम्हाला रुग्णवाहिकेत शोधत होते. मला वाटलं, तुम्ही मेलात."

तो कट्ट्यावर बसला. मोज्याच्या सुरकुत्या सारख्या करत राहिला, बराच वेळ. मग पदक परत रुमालात गुंडाळलं आणि पोर्तुगीज चर्चच्या दिशेनं चालत गेला. त्यानंतर तो पार्कात आला नाही.

गटातल्या लोकांनी मला समजावलं. म्हातारा माणूस, आयुष्यात एकदा मोह झाला, सोडून दे. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जाऊन भेटा, दोन वाक्यांत मिटेल." मी म्हटलं, दोन वाक्यं त्यानं येऊन बोलावीत. लालबाग माझ्या घरापासून असं किती लांब आहे? मी डूख धरणारी बाई आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढे त्याची चाळ पाडायला काढली आणि तो मालवणकडे गावाला गेला, असं कळलं. आणि गणपतीच्या दिवसांत फोनवरच्या गटावर निरोप आला. काका गेले. गावी, झोपेतच. खाली सगळ्यांनी हात जोडलेल्या चित्रांची रांग लावली. मी नाही लावलं. मला संताप आला. भांडण अर्ध्यात टाकून गेला! दुसऱ्यांदा मला उभं करून, मी जाऊन येतंय म्हणून निघून गेला. आता मी कुणाशी बोलायचं थांबवू?

या जानेवारीत मी परत शर्यतीत उतरले. पहाटे अडीचला उठले. कचऱ्याची पिशवी स्वतः कापली, डोक्याचं भोक इतकं मोठं झालं की ती खांद्यावरून घसरायला लागली. दुधाच्या पिशव्या होत्या. वर्तमानपत्र मात्र घरात नव्हतं. आम्ही हल्ली फोनवरच वाचतो, पेपर बंद करून सहा महिने झाले. घरभर शोधलं. शेवटी कपाटातल्या साड्यांखाली अंथरलेला कागद दिसला. तो कुठला, ते मला काढायच्या आधीपासून माहीत होतं. मीच अंथरला होता, फोटोची बाजू खाली करून. वेळ नव्हता. ओढून काढला, घडी केली, काचू नये म्हणून वंगणासारखं मलम फासलेल्या पोटावर धरला आणि वरून बनियन खाली ओढला.

कोंडवाड्यात मी एकटी उभी होते. शेजारी एक बाई थडथडत होती. मी म्हटलं, "पाठीला पाठ लावा, हलू नका." तिनं लावली. मी माझा उलटा हात माझ्याच मानेवर ठेवून बघितला. स्वतःचं काही कळत नाही हो त्यात. भोंगा झाला, कप्पा सुटला आणि मी लगेच सुटले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

अंग तापलं की कागद पहिल्या डब्यात टाकायचा असतो. डबे आले, गेले. पेडर रोडच्या चढावर ती बस माझ्या मागे चालू झाली. तिच्या इंजिनाचा आवाज पाठीत येत होता आणि माझे पाय पुढे पळायला बघत होते. "पाइप," मी मोठ्यानं म्हटलं. शेजारच्यानं दचकून बघितलं. मी हळू झाले, चावीवाल्याला शिव्या घातल्या, आणखी हळू झाले. तशीच, त्या मापानं, बसच्या पुढे राहून मी शेवटपर्यंत गेले. वेळ संपायला सहा मिनिटं होती. नवरा रेलिंगच्या पलीकडे उभा होता आणि रडत होता. या गाढवाला मी कधीतरी माफ करेन.

घरी आले, आंघोळीला गेले. बनियन काढला तर कागदाचा लगदा झाला होता आणि मलमानं सगळी शाई उचलली होती. पोटावर काळं काळं उमटलं होतं. फोटोचा नुसता डाग. पण खालची मोठी अक्षरं उठली होती, उलटी. मी आरशासमोर उभी राहिले. आरशात ती सुलट झाली. त्यांचं नाव. मी ते मोठ्यानं वाचलं, वडिलांच्या नावासकट. वर्षभर ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं.

माफ केलं, असं समजू नका. साबण लावून घासलं. अक्षरं पुसट झाली, गेली नाहीत. दुसऱ्यांदा घासायला वाकवत नव्हतं. अंग पुसलं, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या केल्या आणि झोपले.